पिवळ्या दाराचे सर

सरांकडे एक दार होतं. घर नाही, भिंत नाही, नुसतं दार, चौकटीसकट. खाली दोन आडवे पाय ठोकलेले असल्यामुळे ते हॉलच्या मधोमध उभं राहायचं आणि कोणी जोरात शिंकलं तर किंचित हलायचं. पेणच्या एका सुतारापुढे तासन्‌तास उभं राहून सरांनी ते करून घेतलं होतं. रंग हमरापूरच्या एका गणपतीच्या कारखान्यातून आणला होता, मूर्तींच्या पितांबरांना लावून उरलेला पिवळा. त्यामुळे प्रशिक्षणाला नवी आलेली बाई ते दार बघून आधी चपला काढायची आणि मग इकडे देव कुठे आहे ते शोधायची.

माझ्या सामानाच्या यादीत दाराची स्वतंत्र ओळ असे. खुर्च्या, सतरंज्या, बीपीची मशीन दोन, त्यांचे सेल, पोहे, दार. एक तुकडी पेणला झाली की पुढची रोह्याला. मग दार टेम्पोत आडवं घालायचं, बिजागऱ्या निखळू नयेत म्हणून खाली सतरंज्या, वर सतरंज्या. दोन-तीन खेपा झाल्यावर टेम्पोवाल्याने मला विचारलं, "मॅडम, दार तर झालं. घर कधी बांधताय?"

आमचं काम सांगते, म्हणजे दाराचं प्रयोजन कळेल. बाहेरून पोटासाठी आलेल्या माणसांच्या वस्त्या आमच्याकडे पुष्कळ. हायवे रुंद करायला कर्नाटकातल्या तांड्यांवरून आलेली लमाणी माणसं खांब गावाजवळ ताडपत्रीखाली राहत होती. रोह्याजवळच्या अष्टमी गावात एकेका खोलीत कंपनीत शिफ्ट करणारी बिहारची कुटुंबं होती. यांच्यात तापाचं माणूस अंगावर ताप काढायचं, गरोदर बाई शेवटच्या दिवसापर्यंत घमेली उचलायची आणि लसीची नर्स आली की पोरं लपवली जायची. म्हणून प्रत्येक वस्तीतली एक बाई निवडायची, तिला सहा आठवडे शिकवायचं आणि तिच्या गळ्यात कार्ड घालून तिला तिच्याच माणसांत परत पाठवायचं. या बाईला आमच्या कागदांत 'आरोग्यसोबतीण' म्हणत. शिकवणारे सर. आरोग्य खात्यात लोकांना उपदेश करण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि निवृत्तीनंतरही उपदेश बराच शिल्लक होता.

"आरोग्य दारातून आत येतं," हे त्यांचं वाक्य. दिवसातून तीनदा तरी यायचं. पुढचे नियमही तीन. पहिला, दार वाजवा, तीनदा, मध्ये एकेक श्वास सोडून. दुसरा, नाव सांगा, संस्था सांगा, काम सांगा, याच क्रमाने. तिसरा, तिथलं पाणी पिऊ नका. तिसरा नियम ते स्वतः इतक्या निष्ठेने पाळत की आमच्या ऑफिसातलंही पाणी त्यांनी कधी घेतलं नाही. खांद्याला फ्लास्क, फ्लास्कला साखळीने बांधलेला कप. हात धुताना मोठ्याने वीसपर्यंत आकडे म्हणत. बारावर कोणी काही विचारलं तर पुन्हा एकपासून.

बायकांची नावं त्यांनी कधी लक्षात ठेवली नाहीत. गावावरून हाक मारायचे. "अष्टमी, सरळ बस. खांब, वहीत बघ." अष्टमीहून एकाच वेळी दोघी आल्या तेव्हा त्यांनी एकीला 'अष्टमी पुलाजवळची' केलं.

दुपारी 'दाराचा तास' असे. सर पिवळ्या दारामागे खुर्ची टाकून बसत आणि घरातलं माणूस होत. बाईने दार वाजवायचं आणि आतल्या माणसाला पटवायचं. सरांच्या भूमिका ठरलेल्या. संशयी नवरा, दारुडा सासरा आणि त्यांची सगळ्यात आवडती म्हणजे खाष्ट सासू. सासू करताना ते टेबलावरचा नॅपकिन डोक्यावरून घेत. एकदा सासू लागली की लवकर उतरत नसे. तास संपून पोहे आले तरी नॅपकिन तसाच आणि "एवढेसे पोहे? माझ्या सासूच्या वेळी ताट भरून द्यायचे," हे चालूच.

आमच्या ऑफिसात चहापाणी बघणारी मावशी खाडीकडच्या गावातली, मिठागरात वाढलेली. ती एकदा कपबशा उचलताना माझ्या कानाशी म्हणाली, "गो बाय, हा माणूस खराच सासू झाला असता ना, तर उभ्या गावात एक सून टिकली नसती."

अष्टमीच्या रेखादेवीची परीक्षा मला आठवते. तिने शिस्तीत तीनदा दार वाजवलं. आतून आवाज आला, "कोण गो मेली भर दुपारची?"

रेखादेवी हात जोडून म्हणाली, "अम्माजी, हम अस्पताल की तरफ से..."

नॅपकिन बाजूला झाला. "मराठीत!"

"सर, उधर सब भोजपुरी बोलते हैं. मराठी में बोलेंगे तो दरवाजा ही नहीं खोलेंगे."

"उधर काय बोलतात ते उधर. इथे परीक्षा मराठीत आहे."

रेखादेवीने भोजपुरी सासूला पटवण्याचं मराठी वाक्य दोन दिवस पाठ केलं, सरांपुढे धडाधड म्हटलं, पास झाली आणि अष्टमीत गेल्यावर आयुष्यात परत कधी उच्चारलं नाही. तिची वस्ती तिने उत्तम सांभाळली. सरांच्या अहवालात ते यश मराठीच्या नावावर लागलं.

सर कामचुकार नव्हते. उशिरा आले नाहीत, सुट्टी घेतली नाही, उन्हात चालायला कधी नाही म्हणाले नाहीत. जुनी परिपत्रकं त्यांना तोंडपाठ होती, विषय आणि संदर्भासह. चहाच्या वेळी कोणी "काय सर, कसं काय?" म्हटलं की उत्तरात एखादं परिपत्रक यायचं. फक्त ज्यांना शिकवायचं ती माणसं राहतात कुठे हे बघावं, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आधी दार तयार झालं. माणसांनी त्यात बसायचं होतं.

त्यात जी बसली नाही ती खांबची सोमलीबाई.

चाळिशीची, उंच, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. हायवेच्या कामावर बरीच वर्षं होती. रस्ता संपत नव्हता म्हणून तिचं बिऱ्हाडही हलत नव्हतं, आणि तेवढ्या काळात ती आमच्यासारखं बोलायला शिकली होती. पहिल्या परीक्षेला ती दारापासून दहा पावलांवर थांबली आणि खाकरली. मग दाराला वळसा घालून मागे गेली, सरांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "पानी दे गो."

"नापास," सर म्हणाले. सासू अजून पुरती लागलीही नव्हती. "दार का वाजवलं नाहीस?"

"आमच्याकडं दार नाय सर."

"इथे आहे ना?"

"इथं हाय. पन मला तिथं जायचंय."

"आहे असं समज."

"समजून काय करू? ठोकाया गेलं तर ताडपत्री फाटंल."

सगळ्या जणी हसल्या. मावशी तर कपबशी खाली ठेवून हसली. सरांच्या वर्गात हसणं कुठल्याच नियमात बसत नव्हतं. त्यांनी वहीत काहीतरी लिहून दोनदा अधोरेखित केलं.

दुसऱ्या परीक्षेला सोमलीबाईने मनाविरुद्ध दार वाजवलं. नाव, संस्था, काम सांगितलं. सर खुश होऊन सासूला नरम करायच्या बेतात होते, तेवढ्यात ती खाली बसली आणि सवयीने बोलून गेली, "आधी पानी दे." पुन्हा नापास. तिसऱ्यांदा नापास झाली की नाव यादीतून काढायचं असा नियम होता. नियम सरांचा, यादी माझी.

त्या दिवशी ती पोहे न खाता सरांसमोर जाऊन उभी राहिली.

"सर, मला कारड पायजे."

"कार्ड पास झाल्यावर."

"माझ्या भाच्याची बायको हाय, लक्ष्मी. आठवा लागलाय. पाय असे सुजलेत, डोकं उठतंय, डोळ्यासमोर अंधारी येतीय म्हनती. तुम्हीच शिकवलं न्हवं, असं असलं तर धोका? कॅम्पातनं कोन बाहेर निघालं की मुकादम अडवतो. त्याला वाटतं, दुसऱ्या ठेकेदाराकडं पळाली. गळ्यात कारड असलं तर सोडंल. आनि तिची सासू कोनाला हात लावू देत नाय."

त्यांनीच शिकवलेली सगळी लक्षणं तिने बिनचूक, क्रमाने सांगितली होती. दुसऱ्या कोणी हे ऐकून जीप मागवली असती. सर म्हणाले, "म्हणजे सासू अडचण आहे. म्हणूनच दार वाजवणं महत्त्वाचं. उद्या रविवार, मी स्वतः येतो. तुझ्याच वस्तीत तुला दाखवतो कसं करायचं ते. तीच तुझी तिसरी परीक्षा."

त्यांना दार बरोबर न्यायचं होतं. टेम्पो मिळाला नाही असं मी सांगितलं. टेम्पोवाल्याला मी विचारलंच नव्हतं.

रविवारी सकाळी सर, मी आणि सोमलीबाई जीपने खांबला गेलो. हायवेच्या भरावामागे निळ्या ताडपत्र्यांच्या झोपड्या, प्रत्येकीपुढे तीन दगडांची चूल. सुट्टीमुळे सगळे वस्तीतच होते. बाया केस विंचरत होत्या, पोरं टायर फिरवत होती. लक्ष्मी झोपडीच्या तोंडाशी पाय पसरून बसली होती. पाय बघून मीही मनातल्या मनात जीपचं तोंड दवाखान्याकडे वळवलं.

"तू मागे थांब आणि बघ," सर सोमलीबाईला म्हणाले.

मग ते वाजवायला काहीतरी शोधू लागले. ताडपत्री वाजेना. बांबू वाजवला तर झोपडी हलली. शेवटी बाजूला डांबराचं एक रिकामं पिंप उभं दिसलं. सोमलीबाई "सर, सर" करत पुढे धावली, पण सरांना मध्येच थांबवणं वीसपर्यंतच्या आकड्यांतही कोणाला जमलं नव्हतं. त्यांनी छत्रीच्या मुठीने पिंपावर तीन टोले दिले, मध्ये एकेक श्वास सोडून.

टण्ण. टण्ण. टण्ण.

"नमस्कार," सर म्हणाले. "माझं नाव..."

नाव पूर्ण होईपर्यंत वस्ती रिकामी झाली होती. बायांनी पोरं काखेत मारली, पुरुष हातातली विडी टाकून उठले आणि सगळे मागच्या झुडपांतून ओढ्याकडे पळाले. पोट दोन्ही हातांनी धरून लक्ष्मीसुद्धा. सर मात्र क्रम सोडायला तयार नव्हते. त्यांनी संस्था सांगितली, मग काम सांगितलं. ऐकायला एक कोंबडी होती.

सोमलीबाईने कपाळावर हात मारला. "काय केलंत सर! ते मुकादमाचं पिंप हाय. सुट्टीच्या दिवशी वाजलं की जादा शिफ्ट. जो सापडंल त्याला ट्रकात घालतो. ती पोटुशी बाई पळाली हो!"

सरांनी छत्री हळूच पाठीमागे घेतली.

सोमलीबाई कोणाच्या मागे धावली नाही. लक्ष्मीच्या चुलीशी जाऊन मांडी घालून बसली आणि ओढ्याकडे तोंड करून तिच्या भाषेत एक लांब हाक घातली. हाकेत 'पानी' एवढंच मला कळलं. मग नुसती बसून राहिली. थोड्या वेळाने झुडपातून एक म्हातारी आली, लक्ष्मीची सासू. तिने झोपडीतून तांब्या आणला आणि सोमलीबाईपुढे धरला. सोमलीबाई प्यायली, तोंड पुसलं. नंतर तिने मला सांगितलं की त्यांच्यात चुलीशी बसून पाणी मागणारा माणूस हुकूम करायला आलेला नसतो. तो मागणारा, घर देणारं. पाणी दिलं की त्याचं बोलणं ऐकून घ्यावंच लागतं.

हळूहळू माणसं परतली. लक्ष्मी धापा टाकत आली आणि सासूशेजारी बसली. म्हातारीने तांब्या पुन्हा भरला आणि या वेळी सरांपुढे धरला. पिंप वाजवणाऱ्या माणसाला तिने डोक्यापासून बुटापर्यंत बघून घेतलं होतं.

सरांचा हात फ्लास्ककडे गेला.

"फ्लास्क नको सर," सोमलीबाई हलक्या आवाजात म्हणाली.

"मला तहान नाही."

"तहान कोनी विचारली?"

म्हातारीचा हात पुढेच होता. सगळी वस्ती बघत होती. लक्ष्मी एका हाताने कपाळ दाबून धरत होती. सरांनी पँटच्या घड्या सांभाळत कसंबसं बूड टेकलं, तांब्या घेतला, एरंडेल घ्यावं तसे डोळे मिटले आणि प्यायले. थोडं पिऊन थांबले, तर म्हातारीने हनुवटीने खुणावलं. सगळा तांब्या संपला.

मग सोमलीबाईने जीपमधून आणलेलं बीपीचं मशीन काढलं. लक्ष्मीला पाच मिनिटं शांत बसवलं, दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला, थोड्या वेळाने पुन्हा घेतला. दोन्ही वेळा तो भलताच वर होता. सासूने सुनेचा हात काढून घेतला नाही. "आत्ताच न्यायची," सोमलीबाई म्हणाली आणि म्हातारी स्वतः पातळाचं गाठोडं बांधायला उठली.

आम्ही जीपपाशी पोचतो तोच मोटारसायकलवरून मुकादम आला. पिंपाचा आवाज त्यानेही ऐकला होता.

"पिंप कोनी वाजवलं?"

"मी," सर म्हणाले. ताठ उभे राहून.

मुकादमाने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या फ्लास्ककडे पाहिलं आणि त्यांना सोडून दिलं. "ही बाई कुठं चालली? कार्ड दाखवा. कार्डाशिवाय कोण बाहेर जाणार नाय."

सोमलीबाईने सरांकडे पाहिलं, मी सोमलीबाईकडे. कार्ड पेणला माझ्या कपाटात होतं, सहीशिवाय. तिची तिसरी परीक्षा चालू होती आणि दार तर तिने अजूनही वाजवलेलं नव्हतं. सर नियमाचं कलम सांगणार हे मला दिसत होतं. त्यांनी घसा साफ केला.

"परीक्षा चालू असताना," सर म्हणाले, "प्रशिक्षणार्थीला कार्डधारकाचे सर्व अधिकार असतात. कलम सात, पोटकलम आ."

आमची नियमावली मी टाइप केली होती. तिच्यात कलमं पाचच होती.

"असं कुठं असतं?" मुकादम म्हणाला.

"असतं. मूळ परिपत्रक वाचून दाखवतो." आणि सरांनी सुरुवात केली. विषय, संदर्भ एक, संदर्भ दोन, प्रस्तावना. हिवतापाचं होतं की नसबंदीचं, मला कळलं नाही. मुकादमाने मध्ये दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा सर पुन्हा विषयापासून सुरू झाले. तिसऱ्या वेळी मुकादमाने स्वतः जीपचं दार उघडून धरलं. "न्या साहेब. न्या तिला एकदाची."

दवाखान्यात लक्ष्मीला दाखल करून घेतलं. आणखी एक दिवस घालवला असता तर बाई आणि मूल दोन्ही हातचं जायचं, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आठवड्याभराने तिला मुलगी झाली. वजन कमी, आवाज भरपूर.

सर दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्याही नाहीत. इतक्या काळातला त्यांचा पहिलाच रजेचा अर्ज. कारण लिहिलं होतं, 'प्रवासामुळे प्रकृती अस्वस्थ.' मावशीने विचारलं, "काय झालं गो सरांना?" मी सांगितलं, प्रवास बाधला. "व्हय," ती म्हणाली, "तांब्याभर प्रवास पोटात गेला असंल."

चौथ्या दिवशी ते आले ते नव्या वाक्यासह. "आरोग्य चुलीपाशी बसतं." पुढच्या तुकडीला त्यांनी सांगितलं की बराच काळ वस्त्यांचं निरीक्षण करून त्यांनी ही पद्धत विकसित केली आहे. पिवळ्या दारापुढे तीन विटांची चूल मांडून घेतली. नियम आता चार झाले, तिसरा तसाच ठेवून चौथा पाणी मागण्याचा, आणि तांब्या कसा धरायचा त्याला वेगळे गुण. माझ्या यादीत तीन विटांची भर पडली.

सोमलीबाई कार्ड न्यायला आली तेव्हा सरांनी भरलेला निकालाचा कागद मी तिच्यापुढे ठेवला. मराठी ती बोलत होती, वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. दार वाजवणे, शून्य. परिचय देणे, शून्य. रक्तदाब मोजणे, पूर्ण गुण. एकूण, उत्तीर्ण. शेरा, 'प्रशिक्षकाच्या प्रत्यक्ष मार्गदर्शनामुळे प्रशिक्षणार्थीत समाधानकारक सुधारणा.'

मावशी दारातच थांबली होती. "मार्गदर्शन? पिंप वाजवलं त्याचं?" ती म्हणाली. "गो बाय, खोड ते."

मी पेन उचललंसुद्धा होतं. सोमलीबाईने माझ्या हातावर हात ठेवला.

"पास लिवलंय ना?"

"हो."

"मग असू दे. त्यांनाबी वर कुनाला तरी दाखवायचं असंल." तिने कार्ड गळ्यात अडकवलं, फोटो बाहेरच्या बाजूला आहे ना ते बघितलं. "आनि मॅडम, दुसरं एक मशीन द्या बरं. याचं बटन अडकतंय. ओढ्यापलीकडं नव्या चार झोपड्या आल्यात. दोघी पोटुशी हायत, आज बघायच्यात."